मी मागं न नेलेल्या पाच गाड्या

माझ्या आवडत्या गाड्या पाच आहेत, आणि त्या पाचही मी, एक प्रसंग सोडला तर, फक्त पुढं चालवलेल्या आहेत.

हे वाक्य लिहायला मला निम्मं आयुष्य लागलं. आमच्या गोतावळ्यात मी गाड्यांतला जाणकार समजला जातो. साताऱ्यात काय, सांगलीत काय, कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी मला फोन येतो. मायलेज, डिकी, एअरबॅग, सगळं मला पाठ. शिवाय मी बोलतो कमी. (कमी बोलणाऱ्याला लोक हुशार समजतात. माझं सगळं भांडवल तेवढंच.) एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती. मला गाडी रिव्हर्स घेता येत नाही. थोडी येते, घाबरत घाबरत येते, असं नव्हे. येतच नाही. लायसनच्या परीक्षेला एकदा घेतली होती, डोळे मिटून. ती बरोबर गेली. त्यानंतर पुन्हा नशीब अजमावण्यात मला अर्थ दिसला नाही.

तर क्रमवारी. सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात स्वस्त, सासऱ्यांची सांगलीतली जुनी पांढरी गाडी. (कंपन्यांची नावं देत नाही. आमच्यात गाडी मालकाच्या नावानं ओळखतात, आणि खोट माझ्यात असताना कंपनीला कशाला मध्ये ओढा.) दार लावायचं तर आतल्यानं आणि बाहेरच्यानं एकदम जोर काढायचा. पण अंगानं इतकी हलकी की न्यूट्रल करून बॉनेटला हात लावला की एकट्यानं मागं ढकलता यायची.

"चालू करून घ्या की मागं," सासरे म्हणायचे.

"पेट्रोल कशाला जाळायचं, मामा?"

जावई काटकसरी निघाला, असं त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं होतं.

तिच्या वरचा नंबर माझ्या स्वतःच्या सेकंडहँड गाडीचा, आणि तो खरं तर गाडीचा नव्हे, साताऱ्याचा आहे. आमचं घर चढावर. गाडी तोंड वर करून लावायची, सकाळी ब्रेक सोडायचा, ती आपोआप मागं येते. इंजिन नाही, गिअर नाही, कुणाला संशय नाही. साताऱ्यात उतार फुकट मिळतो. सांगलीनं मात्र मला आयुष्यात कधी मदत केली नाही. ते शहर परातीसारखं सपाट. तिथं गाडी जिथं उभी कराल तिथंच राहते. त्यामुळं सांगलीत मी गाडी कायम लांब, मोकळ्या मैदानात लावत आलो आणि माझी बायको मंगल दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हातनं चालत आली. "चाललेलं बरं असतं," असं मी तिला सांगायचो. तिचे गुडघे आता दुखतात. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

तिसरी, चुलतभावाची सात सीटर. मागं ढकलायला लागणारी सहा माणसं तिच्यात आधीच बसलेली असतात. याहून सोयीची रचना मी पाहिलेली नाही. दुसरी, शोरूममधली कुठलीही टेस्ट ड्राइव्हची गाडी. तिथला पोरगा ती स्वतः बाहेर काढून, तोंड रस्त्याकडं करून, किल्ली हातात देतो. असं माझ्या स्वतःच्या घरात आजवर कुणी केलेलं नाही.

आणि पहिली, साडूंची काळी. विलासराव म्हणजे मंगलच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडी परदेशी, ऑटोमॅटिक, सीट पाठ चेपून देते. ती पहिली का आली आणि तिनं माझं काय केलं, ते आता सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, अनुजाचं, लग्न ठरलं. स्थळ सांगलीजवळचं, उसाच्या मळ्यातलं. मुलाचे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. बैठकीत आबांनी एकच अट घातली. "देनं-घेनं, मानपान, काय नको. फकस्त खोटं नको. खोट्याची मला लय चीड हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जरा जास्तच डोलावली.

साखरपुडा सांगलीतल्या हॉलवर, अकराचा. आबांच्या घरची सगळी मंडळी टेंपोनं आधीच हॉलवर गेली होती. आबांना मात्र मानानं आणायला मुलीच्या बापानं जायचं होतं.

"आपली घेऊन जातो," मी म्हणालो.

"त्या डबड्यातनं व्याह्यांना आणणार?" मंगल म्हणाली. "भावजींची काळी न्या."

विलासरावांचा चेहरा उतरला. "मी येऊ का चालवायला?"

"तुम्ही कशाला? यांना सगळ्या गाड्या येतात," मंगल म्हणाली, आणि किल्ली माझ्या हातात आली.

जाताना काही अडचण आली नाही. आबांच्या अंगणात मधोमध कडब्याची गंजी होती. मी तिला पूर्ण वळसा घालून गाडीचं तोंड परत रस्त्याकडं केलं. कोंबड्या उडाल्या, कुत्रं पाण्याच्या पाटात पडलं.

"ह्ये काय?" आबांनी विचारलं.

"मानाची फेरी."

आबा खूश झाले. फेटा सांभाळत पुढच्या सीटवर बसले. सीटनं पाठ चेपायला सुरुवात केली तसे दचकले, मग गप्प झाले, मग डोळे मिटून म्हणाले, "पावनं, गाडी लय भारी घेतलीया तुमी."

इथंच मी खरं बोलायला हवं होतं. मी नुसता हसलो. (हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी तेव्हा माझी समजूत होती.)

मळ्यातनं डांबरी रस्त्यापर्यंत जाणारी वाट एका गाडीपुरती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, कडेनं पाण्याचा पाट. निम्म्या वाटेवर समोरून ऊस भरायला निघालेला ट्रॅक्टर आला. मागं एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, आणि गाणी इतकी मोठ्यानं की पानं हलत होती. थांबला. मीही थांबलो. ड्रायव्हरनं हात हलवला, मागं घ्या.

"तो घेईल की मागं," मी आबांना म्हणालो.

"त्येच्या दोन ट्रॉल्या हायत. मागं घ्यायला गेला तर घडी पडंल त्यांची. मागं वळनावर जागा हाय बगा, तितं घ्या."

मला त्या ड्रायव्हरचा हेवा वाटला. मागं न जाण्याचं त्याच्याकडं एवढं भक्कम कारण होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मी गिअरकडं पाहिलं. तिथं आर होता. मी खाली उतरलो आणि बॉनेटला दोन्ही हात लावले.

"पावनं, काय करताय?"

"ढकलतोय."

"का वो?"

"पेट्रोल..." मी म्हणालो, आणि माझं मलाच कळलं की ज्या माणसाची एवढी मोठी गाडी आहे त्याला हे वाक्य शोभत नाही.

शिवाय गाडी हलेना. या जातीच्या गाड्या दार उघडलं की आपोआप स्वतःला कुलूप लावून बसतात. वर कोकलतात. ती टूं टूं करत होती, मी ढकलत होतो. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला.

"चालू करा की राव. ऊस भरून न्यायचाय, साखर कारखान्यात नंबर जाईल माजा."

"तूच घे की बाबा," मी म्हणालो.

"मी? असल्या गाडीला बोटबी लावनार न्हाई. ओरखडा पडला तर ट्रॅक्टर इकावा लागंल."

आबा फौजेत असले तरी गाडीत कायम मागच्या सीटवर. त्यांना मोटारसायकलपलीकडं काही येत नव्हतं. अकराला थोडाच वेळ उरला होता. हॉलवर माझी मुलगी नटून बसली होती आणि नवऱ्या मुलाचा बाप माझ्यामुळं उसात अडकला होता. माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं, खोट्याची मला लय चीड हाय.

"आबा," मी म्हणालो, "मला रिव्हर्स येत नाही."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

आबा गाडीतनं खाली उतरले. "मंग एवढी गाडी घिऊन काय करता?"

"ती माझी नाही. साडूंची आहे."

आणि इथं थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर तोंड मिटून बसलेल्या माणसाचं एकदा उघडलं की त्यालाही रिव्हर्स नसतो, हे मला माहीत नव्हतं. "केस काळे केलेत," मी म्हणालो. "कोट पण साडूंचाच आहे. मुलगी बघायला आलात त्या दिवशीचे पोहे मी केले होते, अनुजानं नुसता ट्रे धरला. तिला स्वयंपाक येत नाही. तुमच्याकडचा चहा फार गोड होता, मी तो तुळशीत ओतला. मुलाचा फोटो बघून मंगल म्हणाली, बाकी ठीक आहे, कान मोठे आहेत."

आबांचा हात सावकाश फेट्याखाली, स्वतःच्या कानाकडं गेला. "आमच्या घरान्याचेच कान हायत त्ये."

ट्रॅक्टरवाल्यानं गाणी बंद केली होती. इंजिनही बंद केलं होतं. "पोरगीला भाकरी तरी येती का?" त्यानं विचारलं.

"तू गप रं," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पावनं, खोटं नको म्हनलं हुतं मी. एवढं खरं मागितलं न्हवतं."

मी मान खाली घातली. माझ्या तोंडानं मी मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, असंच मला वाटत होतं.

"बसा गाडीत," आबा फौजी आवाजात म्हणाले. "मी मागं हुबा ऱ्हातो. सांगतो तसं घ्या."

मी बसलो. आर टाकला. समोरच्या पडद्यावर गाडीच्या मागचं दृश्य आलं, त्यात आबा, त्यांचा फेटा आणि दोन्ही बाजूंना ते कान. "येऊ द्या," आबा ओरडले. "येऊ द्या. उजवीकडं." मी उजवीकडं फिरवलं, गाडी कुठं निघाली ते गाडीलाच माहीत. "दुसरं उजवीकडं, दुसरं!" पडद्यावरनं आबा नाहीसे झाले, मग नुसता ऊस दिसला, मग आभाळ दिसलं, आणि धप्प.

मागची चाकं पाटात, पुढची काठावर, बाकीची गाडी उसात. आबा बाजूला उडी मारून वाचले होते. रस्ता मात्र मोकळा झाला होता. ट्रॅक्टर आरामात निघून गेला. "ओढ की रं, दोर लाव," आबा मागनं ओरडले. "मागं कसा येनार?" तो पुढूनच ओरडला आणि गाणी परत लावली.

मंगलचा फोन आला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "गाडी पाटात आहे," मी म्हणालो. "मंगल, मला रिव्हर्स येत नाही. आयुष्यभर तुला उन्हातनं चालवलं ते त्यामुळं. आणि हे मी आबांना सांगितलं."

"रिव्हर्सचं मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "पोह्यांचं बोललात का?"

"बोललो."

 मग अगदी बारीक आवाजात, "आणि कानांचं?"

आबांनी माझ्या हातातनं फोन घेतला. "वैनी, कान माज्याकडनं आल्यात. त्येच्या आईचे बारीक हायत. आलो आमी."

आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेलो. दुधाचा टेंपो मिळाला. कॅनच्या मध्ये बसून, मानानं आणलेले व्याही आणि मी हॉलवर पोचलो तेव्हा अकरा वाजून बराच वेळ झाला होता. दारातच विलासराव. त्यांनी आमच्यामागं रस्त्यावर पाहिलं.

"माझी काळी?"

"उसात," मी म्हणालो. ते खुर्चीवर बसले.

आबा सरळ अनुजाकडं गेले.  

"पोरी, पोहे येत्यात का तुला?"

अनुजानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरनं तिला सगळं कळलं असावं. "नाही येत, आबा. गाडी येते."

"मागं?"

"मागं, पुढं, घाटातसुद्धा."

"मंग आदी ती गाडी काडून आन जा, मंग अंगठी," आबा म्हणाले. आणि मुलाकडं वळून, "तूबी जा. पोहे तू शिकायचं हायस, ध्येनात ठेव."

विलासराव, अनुजा आणि होणारा जावई, अशी तिघं आबांकडच्या टेंपोतनं गेली. आमचा जेवायचा विचार होतो न होतो तोवर परत आलेही. काळ्या गाडीच्या बंपरला उसाची पानं, अनुजाच्या शालूला चिखल, आणि जावई हसत होता.

"एवढ्या लवकर कशी काढली?" मी विचारलं.

"काढायचं काय त्यात, पप्पा? चाकं मागची पाटात होती. डी टाकला आणि पुढं घेतली. नुसती पुढं."

मला तेवढंच येतं. आणि तेवढंच मी करून बघितलं नव्हतं.

अंगठ्या झाल्या, लग्न झालं, संसार छान चालला आहे. विलासराव मला किल्ली देत नाहीत, पण त्यांची गाडी माझ्या क्रमवारीत अजून पहिलीच आहे. माझ्या तोंडून खरं काढणारी दुसरी गाडी मला भेटलेली नाही. परवा आबांनी स्वतःची पहिली गाडी घेतली. अंगणात हार घालून उभी केली, मला बोलावलं, सगळं घर गोळा झालं.

"पावनं, गाड्यांतलं तुमाला लय कळतं," आबा म्हणाले. "कशी वाटती, सांगा."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, घसा साफ केला. तेवढ्यात अनुजा स्वयंपाकघरातनं धावत बाहेर आली.

"आबा, पप्पांना विचारू नका. ते खरं सांगतील."