बेलाच्या लाकडाचं बेलफळ

मंडळी, आज सकाळी महादेवाला पाणी घालून आलो आणि बेलाची फांदी लाकूड कातायच्या लेथवर चढवली. मंदिरातलं झाड वाऱ्यानं मोडलं, तेव्हापासून ती माझ्या दुकानामागं पडून होती. बेल आपल्याकडं कुणी जाळत नाही, अन् देवाच्या झाडाला पटाशी लावायचा मला धीर होत नव्हता.

आज मात्र रोजची लाटणी बाजूला ठेवून त्या फांदीतून देवासाठीच बेलफळ घडवलं. गोलाई छान आली, पण शेवटी उभी चीर गेली. घाबरलो. देवाला आवडलं नसेल का? चीर बुजवायला भुसा अन् डिंक कालवला.

चहा घेऊन आलेली बायको हसली. "अवो, बेलफळ झाडावरून पडलं की तडकतंच. देवाला म्हाईत हाय ते. तुमी कावून बुजवायलात?"

तुम्ही काय केलं असतं? मी चिरेसकट ते मंदिरात, त्याच मोडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी ठेवून आलो.