विषाणूचा दाखला

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं पाहिलं तर एकच वाक्य — पण ते ज्यांना बोललो ते माझे बाबा होते.

मिल बंद पडली तेव्हा मी गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर संशोधन करत होतो. बाबा मिलमध्ये फिटर. पगार थांबला, पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी, म्हणजे मिलचा हलता देखावा, थांबली नाही. इंदूरच्या मिलवाल्यांची रीतच ती. झांकीवरचा, बाबांनी बनवलेला हत्ती सोंड अशी हलवायचा की पोरं हात जोडायची! जुन्या मागाचे पट्टे, चाकं — आणि बाबांचं डोकं.

त्या वर्षी बडा गणपतीजवळ एका दुकानात मी माझ्या संशोधनाच्या सरांबरोबर उभा होतो. बाबा झांकीचा चंदा मागत आत आले. सर म्हणाले, "मिल गई, इनकी झांकी नहीं गई." मी हसलो. बाबांनी मला पाहिलं, आणि — मला सरांपुढे कमीपणा नको म्हणून ओळख न दाखवता निघून गेले.

घरी उलट मीच चिडलो. "बाबा, विषाणूसुद्धा बदलतो, म्हणून टिकतो. तुम्ही अजून हत्तीच हलवताय!"

"वा, डॉक्टरसाहेब!" एवढंच म्हणाले. पण झांकीवर परत गेले नाहीत. एका शोरूमच्या दारावर वॉचमन झाले. झांकीच्या कामाला बोलवायला आलेल्या दोस्ताला आपल्या इंदुरी हिंदीत म्हणाले, "भिया, अपना लड़का बोलता है, जो बदलेगा वोई टिकेगा." किती अभिमानाने!

आणि मला खरं काय ठाऊक होतं? लाळ्या-खुरकुतासारखा आरएनए विषाणू स्वतःची नक्कल काढताना सारखा चुकतो. बऱ्याच चुका त्यालाच भोवतात, काहींनी काहीच होत नाही. तरी एखादी चूक सगळीकडे पसरते — का? कधी कधी फक्त एवढ्यासाठी, की ती योगायोगाने पुढच्या गोठ्यात आधी पोचली. प्रत्येक बदल म्हणजे जुळवून घेणं नव्हे, हेच तर मी प्रबंधात लिहीत होतो! घरी उलटं बोललो. ते विज्ञान नव्हतंच. मला बाबांची लाज वाटली होती, बस.

आता आम्ही राजेंद्र नगरात राहतो. बाबा नातीला अभ्यासाला बसवतात, आणि ती कंटाळली की माझंच वाक्य ऐकवतात — "तुझा बाबा सांगतो ना, बेटा…" मी शेजारीच असतो. चहा पीत.

ते वाक्य खोटं होतं, हे मला बाबांना सांगायचं आहे. दुकानात मी त्यांना हसलो होतो, हेही — त्यांनी ते पाहिलं असलं तरी. अजून सांगितलेलं नाही.