देवकाचं उदाहरण

मंचरच्या आमच्या कॉलेजात वैजयंती प्राणिशास्त्र शिकवते आणि मी समाजशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. डिंभे धरणाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीतली ती पोर. भातलावणीला अजूनही रजा टाकून घरी जाते आणि पायाला चिखल्या घेऊन परत येते. हट्टी इतकी, की एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकणार नाही.

नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि वरून फर्मान सुटलं, कॉलेजानं स्वतःचा एखादा नवा विषय तयार करावा. वैजयंतीनं लगेच हात वर केला. विषयाचं नाव ‘जनुकं, नीती आणि समाज’. प्राचार्य म्हणाले, “नेटवरून उचला की मॅडम, कशाला डोक्याला ताप!” ही भडकलीच. “आमच्याकडं पोरं सांधे धरून रडतात, सर. आणि मी परदेशातल्या लोकांची उदाहरणं शिकवू?”

तिचं खोटं नव्हतं. तिची धाकटी बहीण सिकलसेलनं गेली, आणि घरची माणसं शेवटपर्यंत ‘बाहेरचं आहे’ म्हणत अंगारे लावत बसली. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. एकाच बाजूनं आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला ‘वाहक’ म्हणतात. नवराबायको दोघंही वाहक असले तर मात्र मुलाला आजार होण्याची भीती असते. एवढंच सांगायचं होतं. पण वाडीत वाहक म्हटलं की लोकांना एसटीचा कंडक्टर आठवणार! म्हणून वैजयंतीनं अभ्यासक्रमात घरचं उदाहरण घातलं. एकाच देवकाची, म्हणजे एकच कुळचिन्ह पुजणारी माणसं जशी भावंडं मानली जातात आणि आपसात सोयरीक करत नाहीत, तसंच दोन वाहकांनी करू नये.

पोरांनी त्यावर छोटंसं नाटक बसवलं. वाडीत रक्ततपासणी होती त्या दिवशी देवळापुढं ते झालं. म्हातारी माणसंसुद्धा माना डोलवत होती. “आत्ता कळलं बघा!” कुणीतरी म्हणालं. वैजयंतीचा चेहरा असा फुलला होता म्हणता! नेमकं काय कळलं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

तपासणीत तिचा सख्खा भाऊ सुनील वाहक निघाला. त्याची बायको तेजस्विनीसुद्धा. आणि तेजस्विनीला दिवस गेलेले. निकाल ज्याचा त्याला, एकट्याला सांगायचा, हा वैजयंतीच्याच विषयातला पहिला धडा. पण वाडीत काय लपतंय, डोंबल! वैजयंती दोघांना घेऊन पुण्याला गेली. पोटातल्या बाळाची तपासणी केली. बाळाला आजार नव्हता. येताना तिनं पेढे घेतले.

जीप घरापुढं थांबली तेव्हा तिची आई, झुंबरबाई, दारात आडवी बसली होती.

“आई, बाळ ठणठणीत आहे!”

“आसंल. पर ती आता ह्या घरात यायची न्हाई. दोगांचं देवक येक निघालं न्हवं? मंग भाऊबहीण झाली ती. झालं येवढं पाप लई झालं.”

“अगं आई, देवक नाही! ते नुसतं समजावण्यापुरतं उदाहरण होतं.”

“देवळाच्या म्होरं खोटं सांगितलंस व्हय मग?”

तेजस्विनी मागं जीपमधून उतरत होती. तिनं सगळं ऐकलं. सुनील मेला खाली मान घालून उभा राहिला. त्याच जीपनं तेजस्विनी जुन्नरकडं माहेरी गेली.

त्यानंतर वैजयंती दर सुट्टीला वाडीत जायची. घरोघर बसून समजावायची. लोक तिला चहा पाजायचे, “बराबर हाय ताई” म्हणायचे, आणि ती वळली की पुन्हा तेच. अंगानं अर्धी झाली. तिनं अभ्यासक्रमातून ते पान काढलं, तर विद्यापीठाच्या समितीनं विचारलं, देवकाचं कुठं गेलं, तेच तर सगळ्यात उत्तम होतं! प्राचार्यांनी ते पान परत घातलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी बैठकीतच ओरडले, “एक संसार मोडलाय त्या पानानं!” एकानं नम्रपणे सुचवलं, मग तीही घटना विषयात घेता येईल.

तेजस्विनीला मुलगी झाली. गोरीगोमटी, अगदी निरोगी. वैजयंतीनं भावाच्या मागं लागून, भांडून, रडून त्याला बघायला यायला तयार केलं. मीही सोबत गेले. वाटेत ती मला हळूच म्हणाली, “पोरीचं तोंड बघितलं की पाघळेल तो. मी ओळखते त्याला.” मलाही तसंच वाटत होतं.

तेजस्विनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सुनीलला बघून तिनं पदर सावरला, आणि किती दिवसांनी हसली ती. त्यानं पिशवीतून झबलं-टोपडं काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. वर बघितलं नाही.

“भाचीला आणलंय,” तो म्हणाला. “नवरा म्हणून घरचं येऊ देत न्हाईत. भाऊ म्हणून येत जाईन. त्याला कुणी आडवणार न्हाई.”

वैजयंतीनं तोंडावर हात दाबला. तेजस्विनी त्या कपड्यांकडं बघत राहिली. मग तिनं ते उचलून त्याच्या पिशवीत परत घातले.

“मामा हायेत तिला,” ती म्हणाली. “माजं भाऊ काय मेलं न्हाईत. बाप कुठनं आणू?”