आईनं सोडलेली मिरची

माझ्या पोटाबद्दल भोपाळच्या आमच्या शिवाजी नगरात सगळ्यांचं काही ना काही मत आहे. शेजारच्या भाभी म्हणतात, "बेल का मुरब्बा खाइए भैया, सब ठीक हो जाएगा." मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त जातं, हे मी आता कुणाला समजावत बसत नाही. डोकं फिरतं. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. गोळ्या रोज घ्यायच्या, आणि त्रास वाढला की तिखट, तळलेलं, दूध बंद. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी.

मी तिखट सोडलं त्याच दिवशी आईनंही सोडलं. बाई मूळची नागपूरची, माझ्या वडिलांच्या सरकारी नोकरीपायी भोपाळला आलेली. डाळीचे गोळे घातलेल्या गोळाभातावर लाल मिरचीचं फोडणीचं तेल ओतून घेतल्याशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नसे. देवासमोर बसून म्हणाली, "पोराचं पोट बरं होईस्तोवर मिरची तोंडात घालणार नाही." मला हसू आलं आणि रागही. नवस बोलण्याआधी मला विचारायचं तरी. हा आजार बरा होत नाही, फक्त शांत होतो, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

ती माझ्यासोबत दुधी गिळत राहिली. हळूहळू तिची अन्नावरची वासनाच उडाली. माझ्या अंगावर मांस येत होतं आणि तिच्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या.

गेल्या हिवाळ्यात बरेच महिने मला त्रास झाला नाही, तेव्हा मी बरा झालो असं तिनंच ठरवलं आणि मिरचीच्या तेलासकट गोळाभात केला. मी घास घेतल्याशिवाय ती ताटाला हात लावेना. ती जेवावी म्हणून मी जेवलो. तिनं दोनदा भात मागून घेतला. फार दिवसांनी मला घरात बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा रक्त जायला लागलं. दवाखान्यात राहावं लागलं. एका जेवणानं असं होत नसतं, हा आजार कधीही उसळतो, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. "जिंदगीभर संभालना पड़ेगा, माताजी." ती खाटेशी उभी राहून ऐकत होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, ऐकलंस ना? हे कधीच जाणार नाही. नवस सोड आणि नीट जेव."

तिनं माझ्या ताटात मऊ भात वाढला, मग स्वतःच्या.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुला जन्मभर आहे. माझा नवस माझ्या जन्मापुरता. तो आधी सुटेल."