अण्णांचा आवाज टिपताना बेंगळुरूत झालेली फजिती

सुधावहिनीचा फोन आला, "सोमवारी अण्णांच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. काय विचारायचंय ते आत्ता येऊन विचार." अण्णा म्हणजे माझे मोठे मामा, सुधावहिनी त्यांची सून. बेंगळुरूच्या चिकपेट बाजारात, साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं बोलून बोलून पोट भरलेला माणूस. त्यांच्या आठवणी चित्रित करून ठेवायच्या म्हणून मी फोन आणि छोटा स्टँड घेतला आणि पुण्याहून बस पकडली.

शुक्रवारी सकाळी मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरल्यावर ऑटोवाल्यांशी वीस मिनिटं हुज्जत घातली. तुम्ही घालू नका. सरळ मेट्रोने मार्केटला उतरा, तिथून चामराजपेटेतलं अण्णांचं घर चालत गाठता येतं.

अण्णांचा हट्ट, "जिथं बोललो तिथंच बोलणार." म्हणून दुपारी चिकपेट. दुकानाच्या पायरीवर बसवून तासभर चित्रण केलं. घरी येऊन ऐकते तर नुसते हॉर्न आणि हमालांच्या हाका! आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐकायचं असतं, ही अक्कल मला त्या तासानंतर आली.

शनिवारी घरीच. खिडकीसमोर खुर्ची, म्हणजे चेहऱ्यावर उजेड. पंखा बंद केला, तर अण्णा घामाघूम. कुकर थांबवला, तर शेजारी भिंतीला ड्रिल सुरू. आवाज जवळून मिळावा म्हणून वहिनीचा फोन रेकॉर्डिंग लावून अण्णांच्या खिशात ठेवला.

"दुकानात काम करताना कसं वाटायचं?" मी विचारलं.

"बरं वाटायचं."

संपलं! शेवटी वैतागून म्हटलं, "पहिली साडी कुणाला विकलीत ते सांगा."

"सरी, बरं, ऐक," म्हणत ते पुढे सरकले. "एका बाईला, मुलीच्या लग्नासाठी. महिन्याने ती रडत आली. पहिल्याच धुण्यात रंग गेला होता. मालक ऐकेना. मग मी घरातली एक कोरी साडी नेऊन दिली तिला."

स्वयंपाकघरातून मामी झारा घेऊनच आली. "घरातली कुठली? निळी? माझ्या माहेरची? चोरीला गेली म्हणाला होतात!"

"स्वल्प हळू, अक्का. रेकॉर्डिंग चाललंय," अण्णा दुकानातल्या गिऱ्हाईक बाईला समजवावं तसं कानडी ढंगात म्हणाले.

"मला अक्का म्हणू नका!"

अण्णा हसायला लागले ते थांबेचनात. आणि मी माझ्या फोनकडे पाहिलं तर पाटी, जागा संपली. निळ्या साडीच्या आधीच चित्र थांबलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं. निघण्याआधी फोन रिकामा करा, बाकी सगळं नंतर.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा आता कुजबुजल्यासारखं बोलतात. हसले तर फक्त खांदे हलतात.

पुण्यात बसून मी चित्र जोडत होते. निम्म्यानंतर नुसता काळा पडदा आणि अण्णांच्या खिशातल्या फोनने टिपलेला आवाज. कुणाला दाखवायची लाज वाटत होती, तेवढ्यात मामीचा फोन आला.

"व्हिडिओ राहू दे गं तुझा. मी भांडतेय आणि हे हसतायत, तेवढंच पाठव. संध्याकाळी दोघं मिळून ऐकतो."