जळून तपासलेला पिक्सेल

साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात संघमित्रा इरावतीवर जळते, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. मी तर तिच्या शेजारच्याच टेबलावर बसतो. तिचं जळणं मला पटायचं. ती कंपनीच्या सुरुवातीपासून इथे, आणि अनिरुद्ध सरांनी काल आलेल्या इरावतीला तिच्या बरोबरीने बसवलं.

प्रकाश वळवून चित्र उमटवणारी आमची चिप म्हणजे लाखो चिमुकले आरसे आणि वर लिक्विड क्रिस्टलचा थर. प्रत्येक आरशाखाली एक सर्किट, तो आमचा पिक्सेल. दिलेला व्होल्टेज त्याने पुढचं चित्र येईपर्यंत धरून ठेवायचा, नाहीतर प्रकाश भलतीकडे वळतो. दोघींनी एकेक पिक्सेल आखायचा, दोन्ही चाचणीच्या चिपवर बनणार, सरस ठरेल तो पुढे जाणार. संघमित्राला झोपेतही तेवढंच दिसत असावं.

स्वतःचं सर्किट स्वतः तपासायचं नाही, ही आमची रीत. म्हणून या दोघींनी एकमेकींचं तपासलं.

संघमित्रा इरावतीच्या सर्किटवर तुटून पडली. जेवायलाही उठेना. शेवटी सापडलंच! नवा व्होल्टेज भरताना जुन्याचा उरलेला अंश त्यात मिसळत होता, म्हणजे आधीचं चित्र पुसट दिसत राहणार. तिने ते भर मीटिंगमध्ये खणखणीत आवाजात सांगितलं. काय तो आनंद चेहऱ्यावर! इरावती लाजेने लाल झाली आणि जुना अंश आधी काढून टाकणारा ट्रान्झिस्टर तिने निमूट घातला.

संघमित्राचं सर्किट मात्र इरावतीने हातात आलं त्याच दिवशी परत केलं होतं. "एकदम झकास आहे ताई. तुझ्यात मी काय चूक काढणार?"

चिप बनून आली. लेझरचा झोत टाकला. इरावतीचा भाग स्वच्छ, संघमित्राचा बघता बघता फिका. व्होल्टेज साठवणारा कपॅसिटर मोठा बसावा म्हणून तिने आरशांमधल्या फटीखालचा धातूचा पडदा आखूड केला होता. तिथून प्रकाश आत शिरला आणि साठवलेला व्होल्टेज गळून गेला. कुणी हट्टाने शोधलं असतं तर सापडलं असतं.

इरावतीने येऊन तिला मिठीच मारली. "ताई, तू नसतीस तर माझी वाट लागली असती ना!"

संघमित्रा कशीबशी हसली. इरावती गेल्यावर माझ्याकडे वळली. डोळे भरले होते.

"सर्वेश, माझ्यावर जळणारं इथे कुणीच नाही का रे?"