शेपूट कोण धरणार?

सापाच्या विषाच्या लॅबमध्ये उभी हयात काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मित्र जमले की पहिला प्रश्न ठरलेला, "चावला का हो कधी?" मी म्हणतो, "साप नाही चावला. भीतीनं मात्र रोज खाल्लं."

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलला खाडीच्या अंगाला आमची लॅब होती. सर्पदंशावरच्या औषधासाठी आम्ही विष काढायचो. मी केमिस्ट, काढलेलं विष वाळवणं माझं काम. जिवंत सापाशी माझा संबंध काचेपलीकडचा, आणि तोही मला जास्तच वाटायचा.

* * *

एकदा दुपारी एक मण्यार पेटीतून गायब झाली. झालं! अख्खा स्टाफ टेबलांवर चढून बसला. आमचे बापट म्हणजे सापवाल्यांतले सगळ्यात तरबेज, पण तेही कपाटाच्या टोकावर पाय आखडून बसलेले.

एवढ्यात एक मुलगी आत आली, खाली खुर्चीवर बसली आणि तासभर मुकाट बसून राहिली. ती कुसुम. करंजा गावच्या कोळ्यांची पोर, बी.एस्सी. झालेली, त्या दिवशी रुजू व्हायला आली होती. मण्यार शेवटी छत्र्यांच्या डब्यात सापडली, तेव्हा कुठे आम्ही खाली उतरलो.

"कुसुमताई, तुम्ही वर नाही चढलात?" मी विचारलं.

"मला वाटलं, वर जुन्या लोकांनी बसायचं असतं," ती म्हणाली.

साप सुटलाय हे तिला सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. कळल्यावर बिचारीला घाम फुटला. आमचे प्रमुख रूबेनसर त्या दिवशी आमच्यावर असे भडकले की मण्यार परवडली.

* * *

आमच्याकडे एक पद्धत होती. विष काढताना दोन माणसं लागतात, एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं शेपूट. आणि जोडीदार ज्याचा त्यानं निवडायचा. वरून हुकूम नाही, कारण हुकमानं धरलेली शेपूट सुटते. नियम चांगलाच होता, पण कुसुमला कुणी जोडीला घेईना. बाईमाणूस, हात कापतील, असं प्रत्येकाचं मत.

तिनं बापटांना विचारलं. बापट म्हणाले, "बाई, राग मानू नका. माझ्या बायकोला पांढरं लुगडं शोभणार नाही."

जोडीदार नाही तर काम नाही, आणि काम नाही तर टेम्पररीची पर्मनंट कशी होणार? शेवटी रूबेनसर स्वतः उठले. अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, साठीला टेकलेले. नाग बाहेर काढण्याआधी तिला म्हणाले, "कुसुम, मला भीती वाटतेय. तुला?"

"लय," कुसुम म्हणाली.

"मग ठीक आहे. उघड पेटी."

* * *

मग तिची आई आली. टोपलीत सुके बोंबील, डोळ्यांत काळजी. गाठलं नेमकं बापटांना.

"दादा, माज्या पोरीला साप चावंल काय?"

"चावणारच नाही असं कसं सांगू, मावशी?"

"मंग तुमी कशाला हाय इथं?"

बापट पेट्या मोजायला आत गेले. बोंबील मात्र घरी नेले.

* * *

दर बुधवारी सेमिनार असे. कुसुम उभं राहून बोलायला तयार नसे. बोलताना गावची भाषा तोंडात आली तर लोक हसतील, ही धास्ती. रूबेनसर म्हणाले, "कुठल्याही भाषेत बोल, पण बोल." सापाला आपलं बोलणं ऐकू येत नाही म्हणतात, म्हणून ती पेट्यांसमोर सराव करायची. "आदरणीय सदस्यहो," अशी सुरुवात.

एकदा बापट दारात थबकले, सगळं ऐकलं आणि माझ्याकडे येऊन कुरकुरले, "आम्हाला कधी आदरणीय म्हणाली नाही हो ही."

* * *

आणि मग रूबेनसरांचं इस्रायलला जायचं ठरलं. मुलं आधीच गेली होती. जाण्यापूर्वी ते प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन बसले. "माझ्यानंतर कुसुमची शेपूट कोण धरणार?" कुणी बायकोचं नाव सांगितलं, कुणी ब्लडप्रेशरचं. मी रसायनवाला, मला तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही. सर गेले, आणि कुसुमचं काम थांबलं. मला तिच्याकडे बघवेना.

थोड्याच दिवसांत मुंबईहून कमिटी आली, तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवायला. अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टर. तरुणपणी त्यांनी स्वतः साप हाताळलेले, आणि जोडीदाराचा तो नियमही त्यांनीच घातलेला. आता नुसत्या खुर्च्या हाताळायचे.

"विष काढून दाखवा," ते म्हणाले. "जोडीदार कोण?"

बापट बुटांकडे बघत होते. मी छताकडे. कुसुमच्या ओठांवरचा घाम मला लांबून दिसत होता. हिची नोकरी गेली, मी मनात म्हटलं.

"जोडीदार नसेल तर प्रश्नच मिटला," अध्यक्ष फाईल मिटायला लागले.

"साहेब," कुसुम म्हणाली, "जोडीदार ज्याचा त्यानं निवडायचा, असा नियम हाय ना?"

"आहे. मीच केलाय."

"मंग तुमी या."

सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. डॉक्टरांनी कोट काढला, चष्मा पुसला, परत पुसला. कुसुमनं पेटी उघडली. नागानं फणा काढला तशी कमिटीची बाकीची मंडळी भिंतीला चिकटली. कुसुमनं डोकं पकडलं, डॉक्टरांनी शेपूट. नाग हिसडे देत होता आणि डॉक्टर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, पण मूठ सोडली नाही. विष काचेवर उतरलं. नाग पेटीत गेला, झाकण लागलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. पाणी मागितलं, निम्मं शर्टावर सांडलं. क्लार्कनं कुसुमची फाईल पुढे सरकवली, पेन दिलं. पेन कागदावर टेकेना.

"हिला कायम करा," डॉक्टर म्हणाले. "सही उद्या करतो. आज केली तर बँकसुद्धा ओळखणार नाही."